भिंतीची वाट अडवू नका

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतलं आमचं घर सासऱ्यांनी घेतलेलं. दीड हात जाडीच्या दगडी भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, छतालगत झरोके. सात वर्षांपूर्वी आम्ही दुरुस्ती काढली. चुना खरवडून सिमेंट केलं, वर चकचकीत ऑइल पेंट दिला, झरोके बुजवले आणि लाकडी खिडक्यांच्या जागी सरकत्या काचा बसवल्या. त्या काचा एका वेळी अर्ध्याच उघडतात, हे बसवल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या पावसाळ्यात कपाटामागे काळी बुरशी धरली. रंगाला फुगे आले, पोपडे सुटले, अंथरुणांना कुबट वास येऊ लागला. नातवाला रात्री धाप लागायची. डॉक्टरांनी औषधाआधी विचारलं, "घरात ओल आहे का?" रंगाऱ्याने ओल रोखणारा आणखी एक थर सुचवला, तोही दिला. पुढच्या वर्षी बुरशी हातभर वर चढली होती.

जुनी दगडी भिंत जमिनीतली ओल थोडीफार ओढतेच. चुना ती हळूहळू हवेत सोडून देतो. सिमेंट आणि तेली रंग तिची वाट अडवतात. मग ती आत कोंडते आणि वर सरकते. मला हे एका म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीवर हात ठेवून समजावलं. पण हे ज्ञान आपल्या दारातलंच आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या रोपाचे अंश मिसळलेले असल्याचं पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि इथल्याच विद्यापीठातले एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिलं. असा गिलावा ओलावा शोषतो आणि सोडतोही. उलट अजिंठ्यात १९२०च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निश चढवलं. ते पिवळं पडलं आणि पुढे पुरातत्त्व खात्याला मेहनतीने काढावं लागलं.

भिंतीइतकाच दोष आमच्या सवयींचाही होता. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराघरांत पिंपं भरून ठेवलेली, बरीचशी उघडी. पावसात कपडे खोलीतच वाळतात, म्हणजे पिळल्यावरही त्यांत उरलेलं पाणी त्याच खोलीच्या हवेत जातं. भाताची वाफ आणि अंघोळीची वाफ वेगळीच. त्यातून कूलर. मे महिन्यात इथली दुपार कोरडी ठणठणीत असते, तेव्हा कूलरसारखं सुख नाही; अट एवढीच की समोरची खिडकी उघडी हवी. जुलैत हवाच ओली असते. त्या हवेत पाणी धड उडत नाही, गारवा येत नाही, खोली मात्र चिकट होते. तरीही आमच्या गल्लीत दसऱ्यापर्यंत कूलर चालतात.

तीन-चारशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मी आणलं. घरात चाळीस ते साठ टक्के असलं की बरं. त्याखाली घसा कोरडा पडतो, त्यावर बुरशीचं आणि गादीतल्या सूक्ष्म किड्यांचं फावतं. ऑगस्टमध्ये मागच्या खोलीत आकडा ब्याऐंशी होता, हॉलमध्ये अडुसष्ट. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडत होता.

गेल्या उन्हाळ्यात मागच्या भिंतीचं सिमेंट काढून पुन्हा चुना केला. झरोके उघडले, कपाट चार बोटं पुढे ओढलं, पिंपांवर झाकणं आणली. खर्च पहिल्या दुरुस्तीपेक्षा कमी आला, पण चुना मळणारा गवंडी शोधायला दोन महिने गेले. ही कला नव्या पोरांना शिकवायची सोय आपल्या शहरात व्हायलाच हवी. जुने वाडे आणि बंगले असलेल्या गावात ती चैन नव्हे.

छावणीत कुणी घराची दुरुस्ती काढणार असेल, तर त्यांनी सिमेंटची पोती आणण्याआधी आमच्याकडे यावं आणि मागच्या भिंतीला हात लावून पाहावा.