राजपुत्र आला, उतरंड जागेवरच

चीनमध्ये बनणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकथांच्या लघुमालिका आता हिंदी डबिंगसह आपल्या वस्त्यांमधल्या मोबाईलवर पोचल्या आहेत. उभ्या पडद्यावर एक-दोन मिनिटांचा एक भाग, असे साठ ते शंभर भाग. पहिले काही फुकट. मग नायिकेवर हात उगारला जातो, भाग तिथेच तुटतो आणि पुढचे पाहायला पैसे मागितले जातात. २०२४ मध्ये चीनमध्ये सर्व प्रकारच्या लघुमालिकांचा बाजार सुमारे ५० अब्ज युआनवर गेला. चित्रपटगृहांची वर्षभराची तिकीटविक्रीही त्याच्या मागे पडली.

हा रिकामटेकड्या बायकांचा टाइमपास आहे, असे म्हणणारे आम्हाला पुष्कळ भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. या कथांमध्ये नेमके काय घडते ते आधी पाहावे.

नायिका बहुधा उपपत्नीच्या पोटी जन्मलेली असते. जुन्या चिनी सरदार घराण्यांत मुख्य पत्नीची मुले वरची आणि उपपत्नीची खालची. सावत्र आई छळते, बहीण भर सभेत गुडघे टेकायला लावते. मग सेनापती किंवा राजपुत्र तिच्या प्रेमात पडतो आणि छळणारे सगळे तिच्या पायाशी येतात. जिला घरी सासू आणि कामावर मालकीण टाकून बोलते, तिला हा क्षण पुन्हा पुन्हा पाहावासा वाटणारच. मानाची ही भूक खरी आहे. तिला हसणाऱ्यांनी आधी तो अपमान एक दिवस सोसून दाखवावा.

आमचा आक्षेप त्या भुकेला दिल्या जाणाऱ्या उत्तरावर आहे. नायिका वर चढते, उतरंड मात्र जागची हलत नाही. कित्येक कथांत तर शेवटी कळते की ती मुळातच मोठ्या कुळातली होती. म्हणजे चूक एवढीच झाली की, उच्च कुळातल्या मुलीला नीच समजले गेले! ती खरोखरच खालच्या घरातली असती, तर तो छळ योग्य ठरला असता काय?

चित्रीकरणासाठी प्रसिद्ध असलेली हेंगदियनची राजवाड्यांची नगरी झेजियांग प्रांतात आहे. याच प्रांतातल्या शाओशिंग भागात 'दुओमिन' नावाचा, जन्माने हीन ठरवलेला समाज राहत होता. त्यांना राजकीय परीक्षेला बसता येत नसे, इतरांशी विवाह करता येत नसे. लग्नात वाजवणे, नवरीच्या दिमतीला राहणे ही कामे त्यांच्या वाट्याला. १७२३ मध्ये योंगझेंग बादशहाने त्यांचा हीन दर्जा रद्द केला. भेदभाव विसाव्या शतकापर्यंत उरला. शाओशिंगचेच लेखक लू शुन यांनी १९३३ मध्ये या समाजावर लेख लिहिला. मालिकेतल्या लग्नात नवरीला सजवणारी बाई क्षणभर दिसते. तिची प्रेमकथा कोण दाखवणार?

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले की, जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर. म्हणून दर्जा ओलांडणारे प्रेम प्रत्येक उतरंडीला धोक्याचे वाटते. या मालिका त्याच प्रेमातला धोका काढून घेतात आणि उरलेला गोडवा भागाभागाने विकतात.

उपपत्नीच्या मुलीला प्रत्यक्षात कोणा राजपुत्राने सोडवले नाही. चीनमध्ये १९५० च्या विवाह कायद्याने उपपत्नी ठेवण्याची प्रथा आणि सक्तीचे विवाह यांवर बंदी घातली. आपल्याकडे स्त्रियांच्या वारसा व घटस्फोटाच्या हक्कांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले, आणि ते रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले.

मालिका पाहू नका, असे आम्ही कोणत्याही बाईला सांगणार नाही. पण पुढच्या भागासाठी पैसे भरण्यापूर्वी एवढे जरूर विचारा : नायिका राणी झाल्यावर तिच्या महालात पाणी कोण भरते, आणि त्या बाईशी राणी कशी बोलते?