पाणी शिंपडलं, डाग राहिला



धर्म माणसाला पहिल्यांदा गाठतो तो पाळण्यात. पोरगं अजून धड डोळे उघडत नाही, तोवर त्याच्या नावावर पापाचं खातं उघडलेलं असतं. आपल्याकडे गेल्या जन्मीच्या पापाचं, रोमच्या चर्चकडे आदम-एव्हाच्या पापाचं. पाचव्या शतकात ऑगस्टीन नावाच्या बिशपने ठणकावून सांगितलं, की बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं मूलही देवाच्या राज्यात जाणार नाही. पुढच्या पंडितांना हे फारच कठोर वाटलं. त्यांनी स्वर्गाच्या वेशीबाहेर एक जागा काढून दिली, तिचं नाव लिंबो. तिथं यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. वेशीबाहेरची जागा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आयर्लंडात अशा पोरांना पवित्र दफनभूमीत माती मिळत नसे. बांधाच्या कडेला, पडीक रानात पुरायची. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने सांगितलं, की या मुलांच्याही उद्धाराची आशा धरायला जागा आहे. जागा आहे म्हणे! तोवर किती आया झुरून मेल्या, त्याचा हिशेब कोण देणार?

आता तुआमचं ऐका. हे आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातलं गाव. १९२५ ते १९६१ या काळात तिथं नन्स बिनलग्नाच्या आयांसाठी आश्रम चालवत होत्या. पोरगी बाळंत व्हायची, वर्षभर फुकट राबायची, मग पोर मागे ठेवून तिला बाहेर काढत. तिथल्याच कॅथरीन कॉर्लेस या बाईंनी दाखले गोळा केले तेव्हा ७९६ मुलांचे मृत्यू सापडले. त्यांना पुरलं कुठं, त्याची नोंद नाही. २०१७ साली सरकारी आयोगाने जाहीर केलं, की जमिनीखाली २० कप्प्यांचं, सांडपाण्यासाठी केलेलं असावं असं बांधकाम आहे आणि किमान १७ कप्प्यांत मानवी अवशेष आहेत. पोरांचे.

२०१४ साली बातमी जगभर गेली तेव्हा एका वृत्तसंस्थेने लिहिलं, की या पोरांना बाप्तिस्माच दिला नव्हता, चर्चची शिकवणच तशी होती. पुढं तिला दुरुस्ती छापावी लागली. बऱ्याच पोरांचा बाप्तिस्मा झाला होता. अनौरस पोराला तो देऊ नये, असा चर्चचा नियमही नव्हता.

मला त्या मूळ बातमीपेक्षा ही दुरुस्तीच जास्त लागली. म्हणजे पाणी शिंपडलं होतं. पाप धुतलं म्हणून सांगितलं होतं. आणि मग गटारात. तर मग धुतलं काय?

उत्तर चर्चच्याच कायद्यात आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार अनौरस मुलगा खास सवलतीशिवाय पाद्री होऊ शकत नव्हता. ती अट १९८३ च्या नव्या संहितेत गेली. आदमचं पाप पाण्यानं जातं, आईचं जात नाही! देवळात ये, गाभाऱ्यात येऊ नको. ओळखीचं वाटतंय ना? तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित कॅथलिकांची थडगी आणि इतर कॅथलिकांची थडगी यांच्यामध्ये भिंत घातली गेली. बाप्तिस्मा तर दोघांचाही झालेला.

जानेवारी २०२१ मध्ये आयोगाचा अहवाल आला. १८ संस्था, मेलेली मुलं सुमारे ९,०००. सरकारने माफी मागितली. पण अहवाल म्हणाला, की मुख्य दोष मुलांच्या बापांचा आणि पोरींच्या घरच्यांचा. चर्च आणि सरकारने त्याला साथ दिली. वाचलेल्या बाया चिडल्या. चर्चला सोडवण्याची ही वाट आहे, म्हणाल्या. त्यांचा राग खरा आहे. तरीपण ‘बाप’ आणि ‘घरचे’ हे शब्द वाचताना माझीच मान खाली गेली.

कारण परवा आपल्या शाखेत वस्तीतली एक पोरगी आली. पाचवा महिना. पोरगा आपल्याच मोर्चात घोषणा देणारा, आता फिरकत नाही. मी पहिला प्रश्न काय विचारला? ‘घरी माहीत आहे का?’ दुसरा, ‘तो लग्नाला तयार आहे का?’ ती म्हणाली, ‘दादा, दवाखान्यात माझ्यासोबत कोण येणार, तेवढं सांगा.’

भिंतीवर जोतिबा-सावित्रीमाईंची तसबीर होती. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेही ब्राह्मण विधवांसाठी. जातीचा सूड उगवला नाही. अशाच एका विधवेचा पोरगा यशवंत दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. त्यांना ना पाणी शिंपडावं लागलं, ना होम करावा लागला.

कायदासुद्धा आपल्या पुढं गेलाय. २०१५ साली एका बिनलग्नाच्या ख्रिस्ती आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बापाचं नाव उघड केल्याशिवायही तिला मुलाचं पालकत्व मिळू शकतं. आणि आपण? भांडणात अजून ‘हरामी’ म्हणतो. ही शिवी कुणाच्या आईला लागते, ते एकदा नीट ऐका.

त्या पोरीसोबत दवाखान्यात आपल्या दोन कार्यकर्त्या जातात. त्या पोराला शाखेत बोलावलंय. येत नसेल तर त्याच्या दारात आपण जाऊ. पण पोरीला प्रश्न नाहीत.

जय भीम.