वेणी किती दिवस ठेवावी?

कपाशीची वेचणी सुरू झाली की पारोळा तालुक्यातल्या कष्टकरी बाईला आरशापुढे उभे राहायला सवड नसते. अंधारात उठायचे, भाकरी थापायच्या, पाणी भरायचे, मुलांची शाळेची तयारी करायची आणि शेत गाठायचे. म्हणून सुटीच्या दिवशी न्हायचे, तेल चोपडून घट्ट वेणी घालायची आणि पुढे चार-सहा दिवस तिला हात लावायचा नाही, अशी सवय पडते. सवय चुकीची म्हणता येणार नाही. मोकळ्या केसांत धूळ बसते, पऱ्हाटीचा वाळलेला पाला अडकतो, उन्हाने टोके चिरतात. दोन पेडांचा पीळ असो की तिपेडी वेणी, केस एकमेकांच्या आधाराने सुरक्षित राहतात. प्रश्न आहे तो वेणी सोडायची कधी, हा.

आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय भगिनी डोकेभर बारीक पीळ किंवा वेण्या घालून त्या कित्येक आठवडे ठेवतात. त्यांचे केस दाट कुरळे, रोज विंचरले तर तुटणारे. त्यामुळे त्यांना ते सोयीचे पडते. तरी त्याही मधूनमधून टाळू धुतात, रात्री मऊ कापड बांधून झोपतात आणि मुदत झाली की पीळ उकलतात. आपल्याकडच्या बहुतेकींचे केस सरळ किंवा थोडे लाटदार. घाम आणि तेल लवकर खाली उतरते. तेव्हा आपण दोन-तीन दिवसांत वेणी सोडावी, फार झाले तर आठवडा. त्यापुढे नको.

याचे कारण साधे आहे. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. मोकळ्या केसांतून ते कंगव्यात येतात. वेणीतून गळून पडायला त्यांना वाटच नसते, ते तिथेच अडकून राहतात. म्हणून आठवड्याने वेणी सोडली की हातात मोठा पुंजका येतो आणि बाई घाबरते, 'माझे केस चालले' म्हणते. ते आठवड्याभराचे गळालेले केस असतात, घाबरू नये. मात्र हेच केस महिनाभर आत राहिले, त्यात घाम, तेल आणि धूळ मिसळली, की गुंता घट्ट बसतो. मग तो कंगव्याला दाद देत नाही.

सोडतानाही घाई करू नये. आधी बोटांनी पेड उकलावेत, गाठीवर खोबरेल तेलाचे चार थेंब सोडावेत, आणि रुंद दातांच्या कंगव्याने खालच्या टोकापासून वर वर यावे. भांगापासून ओढत खाली आणले तर गाठ अधिकच आवळते. ओल्या केसांची वेणी घालू नये. ओला केस ताणला की लवकर तुटतो आणि वेणीच्या आत दिवसभर ओल राहते.

वेणी घट्ट असली म्हणजे नीटनेटकी, हा आपल्या शाळेतल्या मुलींच्या आयांचा आवडता समज. भुवया वर चढेपर्यंत आवळून वर लाल रिबिनी! रोजच्या ओढीने कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस मुळापासून सैल होतात. १९०७ साली ट्रेबिच नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरने ग्रीनलंडमधल्या, केस वर ओढून बांधणाऱ्या स्त्रियांत हे टक्कल नोंदवले होते. कडेला बारीक पुळ्या आल्या, वेणी घातल्यावर डोके दुखू लागले, की समजावे आणि वेणी सैल करावी. लवकर लक्ष दिले तर केस परत येतात, वर्षानुवर्षे ओढ राहिली तर येत नाहीत.

आणखी एक. उवा झाल्या म्हणून डोक्याला रॉकेल किंवा फवारणीचे औषध लावणारी घरे अजून आहेत. हे विष टाळूतून अंगात भिनते, लेकराचा जीव जाऊ शकतो. उवांचा लोशन दुकानात मिळतो. तो लावावा, बारीक फणी फिरवावी, आणि लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावा.

आता त्या गुंत्याविषयी, कारण आपल्या समाजात त्याला निराळेच नाव मिळाले. न सोडलेल्या, न धुतलेल्या केसांची जट होते. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर जट म्हणजे यल्लम्माचे बोलावणे मानून आपल्याच वस्त्यांतल्या मुली देवीला सोडल्या गेल्या. १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी भगिनींपुढे भाषण केले आणि ते लाजिरवाणे जिणे सोडा असे बजावले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ चा कायदा होता, महाराष्ट्राने २००५ साली नवा केला. जट मात्र अजून दिसते. असाच गुंता पोलंडमध्ये इतका सर्रास असे की वैद्यकात त्याला त्या देशाचेच नाव पडले. तिथेही कापला तर आजार होईल अशी भीती होती, आणि एकोणिसाव्या शतकात क्राको शहरातल्या डॉ. डिटल यांनी ती मोडण्यासाठी मोहीम चालवली. तिथे यल्लम्मा नव्हती, गुंता तोच होता. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून दोनशेहून अधिक बायांच्या जटा कापल्या आहेत. त्या पूर्वी ब्युटी पार्लर चालवत, त्यामुळे हात सराईत.

तुमच्या ओळखीत कुणा आजीच्या, मावशीच्या डोक्यावर जट असेल तर तिला रागावू नका. वजनाने मान दुखते, आत खाज, जखमा, उवा असतात, कूस बदलून झोपता येत नाही. ते विचारा, तेवढ्यावरून बोलणे सुरू होते. ती तयार झाली की धारदार कात्रीने टाळूपासून बोटभर अंतर ठेवून थोडे थोडे कापावे, मग कोमट पाण्याने डोके धुवावे. आत पू किंवा जखम दिसली तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, वर्षभरात पुन्हा छोटी वेणी घालण्याइतके होतात.