लाकडी बुटांतली नटी

मैत्रिणींनो, गेल्या गॅदरिंगला माझ्या लेकीला शेतकरणीचं काम मिळालं. मी हौसेनं जरीचं लुगडं नेसवलं, ठुशी घातली. झालं! लुगडं मळेल म्हणून पोरगी खुरपं घेऊन खाली बसेचना.

नंतर एक जुनं फ्रेंच चित्र पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. चित्र आहे पॅरिसच्या मादाम फाव्हार या नटीचं. तिच्या काळी रंगभूमीवर खेडवळ पोरसुद्धा रेशमी घेरदार झगा, हातमोजे, हिरे घालूनच यायची. १७५३ साली फाव्हारबाई खेडवळ बास्तियेनच्या भूमिकेत आल्या, त्या साध्या लोकरी कपड्यांत, उघड्या हातांनी आणि पायांत चक्क लाकडी बूट! काहींनी नाकं मुरडली. पण बाई डगमगल्या नाहीत. कार्ल व्हान लू या नामांकित चित्रकारानं त्यांना त्याच वेषात रंगवलं, त्यावरून छापील चित्रंही निघाली. म्हणून तर ते लाकडी बूट आज आपल्याला दिसतात.

तेव्हा यंदा आजीचं धुवट सुती लुगडं, कपाळाला कुंकू, हातात खुरपं, एवढंच पुरे. लेक छान दिसण्यापेक्षा शेतकरीण दिसू दे. तिला मनमोकळं खाली बसता आलं पाहिजे, हो की नाही?