पळवाट

तर झालं असं, की मागच्या रविवारी १६ किलोमीटर संपवून आम्ही सगळे नेहमीच्या टपरीवर पोहे खात उभे होतो. पुण्याचा पाऊस, बुटात पाणी, हातात गरम बशी. एकूण सुखाचा क्षण. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "बुधवारी दिसला नाहीत?"

मी म्हटलं, "बुधवारी आणि शुक्रवारी मी सायकल मारते."

"अरे वा! कुठे, सिंहगडाला?"

"नाही हो. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये. जागच्या जागी."

एक क्षण शांतता. मग सहा हाफ मॅरेथॉन खिशात असलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी लिंबू पिळता पिळता निकाल दिला, "ही पळवाट झाली. धावायचं असेल तर पायाला रस्ताच लागला पाहिजे."

मी पोहे गिळले आणि गप्प बसले. घरी येईपर्यंत उत्तर सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी आंघोळ करताना सुचतात.) ते उत्तर जरा लांबलं, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नातेवाईक मंडळींना ती पाठ आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मी ४४ वर्षांची, बँकेत दिवसभर बसून असते, आणि येत्या सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावणार आहे. आयुष्यातली पहिली. २१ किलोमीटर आणि वर सुमारे शंभर मीटर. सातारा माझं माहेर. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. त्या घाटातून माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कित्येक वर्षं सातारा-बामणोली एस.टी. चालवली. त्यामुळे माझ्यासाठी ही नुसती शर्यत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

खरं तर मी ही शर्यत गेल्या वर्षीच धावणार होते. नाव नोंदवलं, बिब नंबर आला, सगळं झालं. त्या वेळच्या ग्रुपमध्ये शंभर दिवसांचं चॅलेंज सुरू होतं. रोज कमीत कमी ५ किलोमीटर, एकही दिवस सुट्टी नाही, आणि रोजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर. मी साठ दिवस इमानेइतबारे धावले. एकसष्टाव्या दिवशी नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. "नवीन आहात, दुखणारच, धावून धावूनच बरं होतं," असं ग्रुपवर सांगण्यात आलं. मीही शहाणी, आणखी बारा दिवस धावले. मग एमआरआय. स्ट्रेस फ्रॅक्चर. आठ आठवडे धावणं बंद.

शर्यतीच्या दिवशी मी घाटाच्या एका वळणावर अण्णांच्या शेजारी उभी राहून लोकांना टाळ्या वाजवत होते. बिब साताऱ्याच्या घरी कपाटात पडून होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, इंजिनाला जोर आला म्हणून चासी तयार झाली असं नसतं."

माझ्या मते ह्या एका वाक्यात सगळा विषय आला. धावायला लागल्यावर दम लागणं फार लवकर कमी होतं. पहिल्या काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, आणि आपल्याला वाटतं, जमलं की! हे झालं इंजिन. हाडांचं गणित वेगळं. हाडावर ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. रस्ता उकरून ठेवलाय आणि डांबर यायचंय, अशी ती मधली अवस्था असते. ह्या काळात ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. भरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. नेमक्या त्याच काळात आपला दम आपल्याला सांगत असतो, की पळ अजून.

आता साधा हिशेब करू. (बँकेत असल्याचा एवढाच फायदा.) माझं वजन ६४ किलो. धावताना दर पावलाला जमिनीकडून वजनाच्या साधारण अडीच पट दणका बसतो, म्हणजे १६० किलोंचा. मिनिटाला माझी १६५ पावलं पडतात. ४५ मिनिटांत झाली ७,४२५ पावलं. म्हणजे बुधवारी मी पाऊण तास धावले तर दोन्ही पायांना मिळून १६० किलोंचे सात हजारांवर दणके. तोच पाऊण तास सायकलवर काढला तर हृदय धावतं, फुप्फुसं धावतात, मांड्या भरून येतात, घामाने खालची चटई भिजते. आणि दणके शून्य. पाय पेडलवरून उठतच नाही, तर आपटणार कुठून?

म्हणून यंदा माझा आठवडा असा: मंगळवार, गुरुवार आणि रविवार धावणं, त्यात रविवारी लांबचं. बुधवारी ४५ मिनिटं हलकी सायकल, मिनिटाला ८०-९० फेऱ्या, गप्पा मारता येतील इतपत. शुक्रवारी जोराची सायकल: तीन मिनिटं रेझिस्टन्स वाढवून जीव तोडून, तीन मिनिटं सैल, असं पाच वेळा. शनिवारी उठाबशा, टाचा उचलणं वगैरे. सोमवारी काहीही नाही. ह्या सायकलवर आधी आमच्या सोसायटीतल्या काकांचा टॉवेल वाळत असायचा, तो त्यांनी आता ट्रेडमिलवर हलवलाय. सुरुवातीला माझीही सीट फार खाली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात किंचितच वाक राहील इतकी ती वर घेतली आणि कुरकुर थांबली. हाय काय अन् नाय काय.

आता 'पायाला रस्ताच लागला पाहिजे' ह्या मुद्द्याकडे. त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. सायकलने हाडं घट्ट होत नाहीत. त्यांना दणके लागतातच, फक्त पचतील इतके. आणि उतार तर सायकल अजिबात शिकवत नाही. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करत असतो. पेडल मारताना हे काम त्याला जवळजवळ पडतच नाही. साताऱ्यात तर परतीचा सगळा घाट उतरायचा आहे. म्हणून तर मी आठवड्यातले तीन दिवस रस्त्यावर असते, आणि त्यातल्या एका दिवशी मुद्दाम टेकडी उतरते. सायकल धावण्याच्या ऐवजी आहे असं मी म्हणतच नाही. ती चौथ्या आणि पाचव्या धावण्याच्या ऐवजी आहे. मागच्या वर्षी माझी नडगी ह्याच जादाच्या दिवसांनी मोडली.

आणि कमीपणाच मोजायचा असेल, तर ट्रेडमिलवर धावलेलं ग्रुपमध्ये खपतं, सायकल मात्र खपत नाही, हे कसं? ट्रेडमिलचं मूळ विल्यम क्यूबिटने १८१८ साली इंग्लंडमध्ये कैद्यांसाठी केलेल्या पायचक्कीत आहे. उलट बसून हातपाय चालवायच्या यंत्राचं, 'जिम्नॅस्टिकॉन'चं, पेटंट फ्रान्सिस लाउंड्सने त्याही आधी १७९६ साली घेतलं, तेही माणसांच्या प्रकृतीसाठी. घराणंच बघायचं तर आमचं जास्त खानदानी!

जोन बेनॉइटचं उदाहरणही ह्या मंडळींना सांगावंसं वाटतं. १९८४ साली ऑलिंपिकच्या निवड शर्यतीला १७ दिवस उरले असताना तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. धावता येत नव्हतं तेव्हा तिने व्यायामाच्या सायकलचे पेडल चक्क हातांनी फिरवले. निवड शर्यत जिंकली, आणि त्याच ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेतलं. तिची पळवाट इतकी लांब जात असेल, तर माझी घाटापर्यंत जायला हरकत नसावी.

मला वाटतं खरं दुखणं वेगळंच आहे. जागच्या जागी सायकल मारल्याचा फोटो चांगला येत नाही. नकाशावर रेघ उमटत नाही, सूर्योदय नाही, कुणी पाहत नाही. दुखणं मिरवता येतं, विश्रांती मिरवता येत नाही. हे एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या शंभर दिवसांच्या चॅलेंजमध्ये आमच्या समोरच्या इमारतीतली एक मैत्रीणही होती. तिला पळायची माझ्याहून जास्त हौस. तिचीही टाच दुखायला लागली, तिलाही "सोडू नका" म्हणून सांगण्यात आलं. तिने कायमचंच सोडलं. परवा लिफ्टमध्ये म्हणाली, "माझं शरीर पळण्यातलं नाहीच गं." हे वाक्य मला फार लागलं. तिच्या शरीरात काही खोट नव्हती. खोट वेळापत्रकात होती. माणसं गाळायची आणि गळलेल्यांना कच्चं म्हणायचं, ह्याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

(आत्या, तू आता "मी सांगत होते, गुडघे जातील" म्हणायच्या आत थांब. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहणारा एक आढावा आला. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण साधारण ३.५ टक्के होतं, तर बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेच्या पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. म्हणजे तूही चुकतेस आणि पोह्यांच्या टपरीवरचे काकाही. धावणं वाईट नाही. त्याचा अतिरेक वाईट.)

असो. शर्यतीला तीन आठवडे उरलेत. नडगी अंगठ्याने रोज दाबून बघते, अजून तरी काही म्हणत नाही. भीती वाटते का? वाटते. काल अण्णांना फोनवर सगळं वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आठवड्यातनं एक दिवस गाडी डेपोत उभी असते ना?"

म्हटलं, "हो अण्णा. सोमवारी."

"मग ये. मी त्याच वळणावर उभा असतो."

उद्या बुधवार आहे. मी सायकल मारणार आहे. ग्रुपमधल्या ज्यांना माझी पळवाट बघायची असेल त्यांनी सकाळी सहाला सोसायटीच्या जिममध्ये यावं. एक सायकल रिकामी असते. समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीला विचारलंय, ती "बघते" म्हणाली आहे.