बीजेचा कार्यक्रम आणि उमेदवारांना विचारलेले प्रश्न

तुकाराम बीजेच्या, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेच्या कार्यक्रमाला जोडून परदेशातील आपल्या मंडळाने इथल्या स्थानिक निवडणुकीतील उमेदवारांना वर्णभेद, जातिभेद आणि आर्थिक विषमता यांविषयी प्रश्न विचारले, त्यावर देहूच्या संताच्या स्मरणदिनी राजकारण नको, अशी लेखी हरकत काही सभासदांनी घेतली आहे. त्यामागील श्रद्धेविषयी कार्यकारिणीला आदर आहे. निर्णय मात्र योग्यच होता. परंपरा सांगते की इंद्रायणीत दोनदा कागद बुडाले : एकदा तुकोबांनी सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते स्वतः नदीत सोडली, आणि पुढे शूद्राला वेदार्थ सांगण्याचा अधिकार नाही म्हणून त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवायला लावण्यात आल्या. धनको-ऋणकोचा आणि जन्मसिद्ध अधिकाराचा, असे दोन्ही प्रश्न इंद्रायणीच्या ज्या डोहाने पाहिले, त्याच्या काठच्या संताच्या नावाने भरलेल्या सभेत ते परके ठरत नाहीत. शेजारच्या देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, हेही देहूच्याच परिसराचे स्मरण आहे.

आज देहू-चाकण पट्ट्यातील प्रचारात स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांची मागणी ऐकू येते. परंतु कारखान्याच्या एकाच शेडमध्ये तेच काम करणारा कायम कामगार आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा कंत्राटी कामगार यांच्या पगारातील अंतराविषयी उमेदवारांना क्वचितच विचारले जाते, आणि भूमिपुत्र कंत्राटीच राहिला तर त्या टक्केवारीने त्याचे घर चालत नाही. इथे परदेशात, आपल्या मंडळातही तसेच घडते. कातडीच्या रंगावरून होणाऱ्या भेदाविरुद्ध सभासद आग्रहाने बोलतात, पण जातीचा विषय निघाला की सभागृह शांत होते. सिएटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाचे तशाच आशयाचे विधेयक त्याच वर्षी ऑक्टोबरात, प्रचलित कायद्यात हे संरक्षण आहेच असे सांगून, राज्यपालांनी नामंजूर केले. या दोन्हींबद्दल सभासदांत प्रामाणिक मतभेद असून मंडळाने कोणतीही बाजू घेतलेली नाही. करसवलत असलेल्या संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, सर्वांना समान प्रश्न विचारता येतात, आणि तेवढेच करण्यात आले.

खेदाची गोष्ट अशी की हरकतीच्या पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेक जण सभेला आलेच नाहीत, आणि पाठिंबा कळवणाऱ्यांच्याही अनेक खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पुढील बैठकीत दोन्ही बाजूंना बोलण्यासाठी सारखाच वेळ दिला जाईल. प्रश्न आधी लेखी पाठवावेत, मतदार नोंदणीचे अर्ज दारापाशीच भरून द्यावेत, आणि मुलांना सांभाळण्यासाठी दोन स्वयंसेवक हवे असल्याने इच्छुकांनी चिटणिसांकडे नाव द्यावे.