आईची मुदी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मुलाच्या साखरपुड्याची तयारी चालू होती. कैलासवासी आईची मुदी मोडून त्याच सोन्यात भावी सुनेसाठी अंगठी घडवावी, असे घरात ठरले. सराफांनी मुदी कसोटीवर घासली, आम्ल लावून पाहिले आणि संकोचाने म्हणाले, "शेठ, हे चौदा कॅरेटचं आहे."

वडील उमरीच्या मोंढ्यातले अडते. मापात गुंजभरही फरक न करणारे, अशी त्यांची ख्याती. त्यांनी नववधूला हलके सोने घालावे? कोणी बोलले नाही, पण शंका सर्वांच्या डोळ्यांत होती.

घरी येऊन त्यांची जुनी चोपडी काढली. लग्न १९६३ च्या वैशाखातले. खर्चाच्या पानावर त्यांच्या अक्षरात स्वच्छ नोंद होती : 'मुदी एक, सोने चौदा.' त्या सालातच सारा उलगडा होता.

चीनबरोबरच्या युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि चोरट्या मार्गाने सोने देशात येत होते. म्हणून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम लागू झाले. १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडविण्यास मनाई झाली. असंख्य सोनारांचा धंदा बसला. शुद्धतेची ही अट १९६६ मध्ये उठली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला.

चोरून बावीस कॅरेटची मुदी करवून घेणे वडिलांना अशक्य नव्हते. परंतु अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत. खोटी मापे म्हणजे हीनाधिक मानोन्मान, भेसळ म्हणजे प्रतिरूपक व्यवहार आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. ती मुदी या तिन्हींतून निर्दोष सुटते. हलके सोने चोख म्हणून दिले असते, तर तो दोष ठरला असता. चौदाचे सोने चौदाचे म्हणूनच दिले आणि तसेच लिहून ठेवले.

अंगठीचे मोल मुळात धातूत नव्हतेच. मुद्रा म्हणजे ओळख, शब्दाची साक्ष. रामायणात हनुमंत सीतेपुढे रामनामांकित अंगठी ठेवतो, ती आपण खरा दूत आहोत हे पटविण्यासाठी. प्राचीन रोममध्ये वाग्दत्त वधूला रत्न नसलेली लोखंडी अंगठी पाठविण्याची रीत होती, असे प्लिनीने नोंदविले आहे.

आज मात्र निवड मोकळी आहे, म्हणून थोडी माहिती हाताशी असावी. बावीस कॅरेट म्हणजे ९१६. रंग सुंदर, पण धातू मऊ, रोजच्या वापरात लवकर झिजणारा. खडा बसवायचा असेल तर अठरा कॅरेट, म्हणजे ७५०, अधिक टिकाऊ. चौदा कॅरेटला आजही ५८५ असा अधिकृत हॉलमार्क मिळतो. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. प्लॅटिनम सहसा ९५० शुद्धतेचे असते. ते सोन्याहून जड असल्याने त्याच मापाची अंगठी वजनात अधिक भरते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर अंक व अक्षरे मिळून सहा चिन्हांचा क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळून पाहावा. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. तेथे पावतीवर शुद्धता अवश्य लिहून घ्यावी.

दोन्ही घरांत अंगठीच्या वजनावरून तुलना होऊ लागली, की साखरपुड्यातली साखर कडू होते. त्यापेक्षा कोणती धातू, किती शुद्धतेची, हे दोन्हीकडच्यांनी आधीच मोकळेपणाने बोलावे.

मुदी आम्ही मोडली नाही. चोपडीतली नोंद भावी सुनेला दाखविली, तेव्हा ती म्हणाली, "मला हीच घाला." सराफांनी फक्त माप वाढवून दिले. त्यासाठी जोडलेले सोनेही चौदाचेच घेतले आणि तशी नोंद मी आमच्या वहीत केली.